कात्रीने कापलेला दोरा

बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा संपली आणि तिसऱ्याच दिवशी मी उन्हाळी शिबिरात ताई म्हणून गेले. जुळे सोलापूरच्या पुढे, जिथे फ्लॅट संपून माळ सुरू होतो, तिथल्या एका शाळेत मुलींचं हे सात दिवसांचं निवासी शिबिर भरतं. पाचवी ते सातवीच्या मुली वर्गांत गाद्या टाकून राहतात आणि बारा मुलींमागे एक ताई असते. शिबिर चालवणारे सर माझे शाळेतले शिक्षक, निवृत्तीनंतर सोलापुरात राहायला आलेले. माझे वडील श्रीपूरला साखर कारखान्यात हंगामी कामगार. आमच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. दहावीनंतर घरी येऊन वडिलांना समजावणारे आणि माझा अकरावीचा फॉर्म स्वतः भरणारे सर हेच. ते म्हणाले, "या वर्षी एक गट तू सांभाळ," तेव्हा मला निकाल लागल्याइतका आनंद झाला. त्या आठवड्यात माझ्या हातून जे झालं ते मी नंतर बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही.

शिबिराचा दिवस उन्हाच्या धाकाने आखलेला असायचा. पाचला घंटा, साडेपाचला व्यायाम, सातला पोहणं. दहानंतर कुणी बाहेर पडायचं नाही. खिडक्यांवर ओली पोती टाकून आत हस्तकला, गाणी, बैठे खेळ. आणि दर तासाला शिट्टी. शिट्टी झाली की प्रत्येकीने आपल्या बाटलीतलं पाणी प्यायचं, तहान असो वा नसो. मागे एका वर्षी दोन मुलींना ऊन लागलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम. शिट्टी माझ्या गळ्यात होती.

माझ्या बारा जणींत एक अक्कलकोटकडच्या गावातली होती. सहावीत, अंगाने बारीक, घरी कन्नड आणि शाळेत मराठी. पहिल्याच संध्याकाळी ती जवळ येऊन म्हणाली, "ताई, सकाळी अंघोळीला माझा पहिला नंबर लावाल का? पूजा असते माझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची पूजा पाहिली. घर लिंगायत, त्यामुळे गळ्यात दोऱ्याला चांदीची लहानशी डबी आणि डबीत लिंग. भिंतीकडे तोंड करून ती बसली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं, भस्म लावलं, पाच मिनिटं डोळे मिटून राहिली आणि मगच तिने पाण्याचा पहिला घोट घेतला. बाकीच्या मुली आपोआप हळू बोलायला लागल्या. मला ते फार आवडलं. त्यामागे काय काय असतं हे विचारावं, असं मात्र सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी पोहणं सुरू झालं. तलाव शाळेपासून दहा मिनिटांवर, आणि आम्हाला मिळालेला वेळ सात ते आठ. तिथल्या प्रशिक्षकांचा नियम होता की गळ्यात, हातात, पायात काही ठेवून पाण्यात उतरायचं नाही. मी स्टीलचा डबा घेऊन दारात उभी राहिले. साखळ्या, पैंजण, हातातले गंडे, सगळं डब्यात पडत गेलं. ती शेवटी आली.

"हे काढत नाहीत, ताई."

"का गं?"

"अंगावरून उतरवायचं नसतं."

"सगळ्यांनी काढलंय की. तासाभराचा तर प्रश्न आहे. मी डबा हातातून सोडणार नाही."

ती उभीच राहिली. मग मान खाली घालून गाठ सोडायला लागली. गाठ किती दिवसांची होती कुणास ठाऊक, पार आवळून बसलेली. तिला सुटेना, मला सुटेना. आतून प्रशिक्षकांनी हाक मारली, "मॅडम, वेळ चाललाय तुमचा. पुढची बॅच यायची आहे." प्रथमोपचाराची पिशवी माझ्या खांद्याला होती. तिच्यातली कात्री काढली आणि मी दोरा कापला.

तिने डबी झेलल्यासारखी पकडली आणि मूठ मिटली.

"संध्याकाळी नवा दोरा आणते," मी म्हणाले. "अगदी असाच."

ती पाण्यात उतरली नाही. पायरीवर मूठ छातीशी धरून बसून राहिली. पहिल्या दिवशी भीती वाटतेच, असं मी स्वतःला सांगितलं.

दुपारी ती जेवली नाही. "भूक नाही, ताई." संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून काळा दोरा आणला. तिने तो बघितला आणि नुसती नकाराची मान हलवली. रात्रीही ताट तसंच. डाव्या हाताला तिने रुमाल गुंडाळला होता, त्यात ती डबी. सर जेवणाच्या फेरीवर आले आणि त्यांनी विचारलं, "हिचं काय?" मी म्हणाले, "घरची आठवण येतेय, सर." हे मी विचार करून म्हणाले नाही. पण दोरा कापल्याचं त्यांना कळू नये, एवढं मनात नक्की होतं. माझ्यावर इतका विश्वास टाकलेल्या माणसासमोर तिसऱ्याच दिवशी चूक घेऊन जायचं मला जमलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातल्या मावशींनी मला बाजूला घेतलं. मावशी सोलापूरच्याच, चाळीस माणसांच्या भाकऱ्या थापतानाही कोण जेवलं आणि कोण नाही, हे त्यांच्या ध्यानात असायचं.

"तुझी ती बारकी पोरगी कालपासनं जेवली न्हाय."

"हो मावशी. पाणी तरी पितेय."

"पितीय? तू बघितलंस व्हय?"

मी वर्गात गेले. तिची बाटली उशाशी होती. उचलली तर जड. झाकणापर्यंत भरलेली. काल दिवसभर मी शिट्टी वाजवत होते, ती दरवेळी बाटली ओठांना लावत होती आणि मी समाधानाने पुढच्या मुलीकडे बघत होते. चोवीस तास होऊन गेले होते. आदल्या दुपारी पारा बेचाळीसच्या पुढे होता. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि जीभ बोलताना टाळूला चिकटत होती.

मी तिच्यासमोर बसले. "का पीत नाहीस गं?"

तिने बाटलीकडे बघितलं. मग म्हणाली, "आज्जी सांगते, लिंग अंगावरून उतरलं तर परत बांधून पूजा होईपर्यंत पाणी घ्यायचं नाही."

"मी दोरा आणला होता की."

"तसा नाही चालत. स्वामींनी बांधावा लागतो."

"मग कालच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही गडबडीत होता."

मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "दोरा तोडलास?"

"कात्रीने कापला."

"अगं बाई, आमच्यात लिंग जीवासारखं असतंय. विचारायचं तरी हुतंस."

मावशीही लिंगायत आहेत, हे मला तेव्हा कळलं. चार दिवस मी त्यांच्या हातचं जेवत होते.

मी सरांना सांगायला गेले. ते हजेरी लिहीत होते. मी सगळं सांगितलं, आठवण येत असल्याचं खोटं सांगितलं तेही. सरांनी पेन खाली ठेवलं. "मी तुला गट दिला होता," एवढंच म्हणाले आणि उठले. त्यांनी ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट होतं. जास्त वाट बघू नका, अकरापर्यंत पाणी पोटात गेलं नाही तर मुलीला घेऊन या, सलाईन लावावं लागेल. नऊ वाजून गेले होते.

सर तिच्याजवळ बसले आणि पाण्याचा पेला पुढे केला. "बाळ, आजारपणात देव रागावत नाही." तिने नकाराची मान हलवली. सर जोर करणारे नव्हते, पण पेला धरलेला त्यांचा हात खाली येईना. घरचा एकच नंबर होता, आजोबांचा. दोनदा वाजून बंद झाला.

मावशी म्हणाल्या, "हितं कॉलनीत एक स्वामी हायत, आमच्यातलं पूजाविधी करणारं. सरकारी हापिसात कारकून हायत, धाला निघत्यात. गाठायचं तर आत्ताच."

मी दुसऱ्या ताईची स्कूटी घेतली. मावशी मागे बसून रस्ता सांगत होत्या, "डावीकडं, आता टाकीपाशी वळ." त्या वळणांवर मी एकच हिशोब करत होते. ते निघून गेले असतील तर त्यांचं हापिस गाठून परत यायला तासभर, म्हणजे अकरा. आणि सलाईनची सुई टोचताना त्या पोरीने हात ओढून घेतला तर तिला धरणार कोण, मीच ना.

स्वामी जिन्याखाली होते. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला भस्माचे पट्टे, खांद्याला डब्याची पिशवी, हातात हेल्मेट. मावशींनी वाकून नमस्कार केला आणि घडलेलं सांगितलं. ते माझ्याकडे वळले.

"तुम्ही कापलात?"

"हो."

"घरच्यांना विचारलंत का? त्यांचे स्वामी वेगळे असतील. मी परस्पर बांधणं बरं नाही."

"आजोबा फोन उचलत नाहीत."

त्यांनी घड्याळ पाहिलं. मग वर जाऊन दोरा, भस्माची पुडी आणि तांब्या घेऊन आले. "चला. लागेल तेव्हा लागेल फोन."

शाळेत पोहोचलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धवट मिटलेले. सरांनी रिक्षा दारात आणून ठेवली होती. स्वामींना बघून ती सावरून बसली, पण मूठ उघडली नाही. "आज्जा हो म्हणायला पाहिजेत," ती म्हणाली. आवाज नीट उमटत नव्हता. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. सर सारखा तोच नंबर लावत होते. पाचव्या की सहाव्या वेळी फोन उचलला गेला.

"कोण बोलतंय? शेतात होतो मी."

सरांनी फोन माझ्या हातात दिला. मी सांगायला हवं होतं, ते बरोबरच होतं. मी सांगितलं.

"पोरगी कुठं आहे?"

मी फोन तिच्या कानाला लावला. आजोबा कन्नडमध्ये काही बोलले. तिने दोनदा हुंकार दिला. मग स्वामींनी फोन घेतला, त्यांचंही कन्नडमध्येच बोलणं झालं. फोन बंद करून ते म्हणाले, "अंघोळ घाला हिला."

मावशींनी तिला धरून नेलं. परत आल्यावर तिने रुमाल सोडला. मूठ इतका वेळ आवळलेली होती की बोटं सरळ व्हायला वेळ लागला, डबीची कड तळव्यात उमटली होती. स्वामींनी नवा दोरा ओवला, मंत्र म्हटले, तिच्या कपाळाला भस्म लावलं, लिंग तिच्या तळहातावर ठेवून पाणी घातलं आणि ते तीर्थ तिला प्यायला दिलं. तिने ओठ लावले. ठसका लागला. मग मावशींनी साखर-मीठ घातलेलं पाणी चमच्याने पाजायला सुरुवात केली आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला मुलींसमोर रडायचं नव्हतं. दुपारपर्यंत तिला दोनदा लघवीला जाऊन आलेलं मावशींनी पाहिलं. मग सरांनी डॉक्टरांना कळवलं, "आता ठीक आहे."

आजोबा तरीही आले. चारच्या उन्हात, एस.टी.ने, डोक्याला टॉवेल गुंडाळून. आधी नातीला बघितलं, दोरा हात लावून तपासला. मग मला म्हणाले, "बसा." मी समोर बसले.

"कापताना पोरगी काय म्हणाली?"

"काढायचं नसतं म्हणाली होती."

"तरी कापलात."

"हो."

"पाणी पीत नाही ते कधी कळलं?"

"आज सकाळी."

"काल दोरा नको म्हणाली, तेव्हा विचारायला पाहिजे होतं." ते रागाने बोलत नव्हते, त्यामुळे मला जास्त लागत होतं. "माझ्या म्हातारीची पण चूक आहे. लेकरांना असलं कडक सांगायचं नसतं. एवढ्या उन्हाचं."

ते तिला घेऊन जातील, असं मी धरूनच चालले होते. सरांनी तिची पिशवी दाराशी आणायला सांगितली होती. आजोबांनी तिला कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. ती खाली बघत बराच वेळ बोलली. मला एक शब्द कळला नाही. आजोबा ऐकत होते, मध्येच हसले, मग टॉवेल परत डोक्याला बांधून उठले.

"राहते म्हणते," त्यांनी सरांना सांगितलं. "पोहायला शिकायचं राहिलंय म्हणते."

सरांनी माझ्याकडे बघितलं. गट माझ्याकडून काढून घेतील, असं वाटलं होतं. ते म्हणाले, "उद्या तलावावर तूच जायचं. प्रशिक्षकांशी आधी तू बोल."

पाचव्या दिवशी सकाळी पावणेसातलाच मी त्यांच्याशी बोलले. डबी कापडात बांधून, दोरा आखूड करून, अंगाला घट्ट बसवली तर चालेल, पण मुलगी उथळ बाजूलाच राहील आणि शेजारी कुणीतरी सतत हवं, असं त्यांनी सांगितलं. मला पोहता येत नव्हतं. कमरेएवढ्या पाण्यात मी आधी उतरले. ती पायरीवर आली, डाव्या हाताने छातीवरचं कापड एकदा चाचपलं आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला.

"सोडू नका हं," ती म्हणाली.