जित्या उंटाचं घर

श्यामरावभाऊंनी पट मांडला की माझं डोकंच फिरते. साकोलीहून हरून आलो त्याले आठ दिवस झाले. पन पवनीत त्याईच्या घरी हातमाग बंद आन सतरंजीवर तोच डाव चालू. "सांग ना विनोद, मी कुठं चुकलो?" बाप्पा, कितीदा सांगू?

माणूस साठीचा. जन्मभर लुगडी विणली आन संध्याकाळी बुद्धिबळ खेळला. पवनीत त्याईले हरवणारा कोणी नाही. पन एकदा जिल्ह्याच्या टीममध्ये नाव यावं, एवढी हौस राहून गेली होती. यंदा साकोलीच्या स्पर्धेत शेवटचा डाव जिंकला असता तर जिल्ह्याच्या टीममध्ये भंडाऱ्याले जायचं पक्कं होतं. मी सोबत गेलो होतो.

समोर टीना, कॉलेजातली पोरगी. भाऊंचं प्यादं शेवटच्या रांगेतल्या उंटाच्या घरापासून एक पाऊल दूर. सरकवा, वजीर घ्या, मात. आन हा माणूस तिथंच थांबला.

आमच्याकडच्या जुन्या खेळात प्यादं ज्या घरात पोहोचते, त्याच घराचा मोहरा बनते. तेही तो मोहरा आधी मेला असला तरच. भाऊंचे दोन्ही उंट जिवंत होते. स्पर्धेत असं काही नसते, सरळ वजीर मिळते, हे मी त्याईच्याकडून घोकून घोकून पाठ करून घेतलं होतं. तरी याईनं आपला धडधाकट उंट टीनाच्या हत्तीपुढं नेऊन ठेवला. मरू दे, म्हणजे प्याद्याले जागा होईल. तिनं उंट मारला, त्यातच राजाले शह लागला. भाऊंनी राजा हलवला, तर हत्तीनं प्यादंही खाल्लं. खेळ खलास. मी बाहेर जाऊन दोन चहा पिऊन आलो, तरी राग जाईना.

"तुमाले नियम माहीत नव्हता काय?" आज मी चिडून विचारलंच.

"माहीत होता ना. पन जित्या उंटाच्या घरात घुसाची हिंमत नाही झाली. बाबानं तसं शिकवलंच नाही."

"मग आता घुसा. इथं कोण पाहून राहिलं?"

मी पुन्हा तोच डाव मांडून दिला.  भाऊंनी हात पुढं केला, आपला एक उंट हळूच उचलून सतरंजीवर ठेवला, आन मग प्यादं सरकवलं.