बत्तीस पत्रे आणि एक भराव

"मॅडम, लांब व्हा. तुकडं उडतील," असं म्हणत सुभेदारांनी पत्र्यावर मारायला घण उचलला.

"थांबा!" मी ओरडले. इतक्या जोरात, की शेजारी उभ्या हेडमास्तरांच्या कपातला चहा सांडला.

मी सांगलीची. इमारतींचं फायर ऑडिट करते. म्हणजे आग लागली तर आतली माणसं धडपणे बाहेर पडतील का, ते तपासते. त्या रविवारी मेढ्याजवळच्या एका शाळेत फायर एक्स्टिंग्विशर बघायला गेले होते. तिथे श्रमदान चाललेलं. गावातले रिटायर फौजी शाळेचे जुने सिमेंटचे पत्रे उतरवत होते. सुभेदार त्यांचे पुढारी.

या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. पत्रा अखंड असेल तर फारसं भ्यायचं कारण नाही. फोडला, कापला की त्यातले बारीक तंतू हवेत उडतात. ते दिसत नाहीत. श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसतात, आणि आजार कित्येक वर्षांनी कळतो.

हे सगळं मी सांगितलं. कॅन्सरचं नावही घेतलं. एक फौजी हसला. "आमचा आजा ह्याच पत्र्याखाली नव्वदीपातूर जगला की!"

माझं डोकं तापलं. आगीचं बरं असतं, निदान धूर दिसतो. इथे दाखवायला काहीच नव्हतं. मग सुभेदारांनाच विचारलं, "फौजेत गॅस मास्कचं ट्रेनिंग झालं होतं?"

"व्हय. लय वेळा."

"गॅस दिसायचा?"

घण हळूच जमिनीवर टेकला. "न्हाई. दिसायची वाट बघत बसलं तर मास्कचा काय उपेग?"

पुढचं काम सोपं झालं. साताऱ्याहून योग्य मास्क मागवले. शेतातले फवारणी पंप धुऊन त्यांत साबणाचं पाणी भरलं. पत्रा आधी भिजवायचा, नट सोडवून अख्खा उतरवायचा, जाड प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळायचा. मग घातक कचरा नेणारी परवान्याची गाडी येईल तेव्हा द्यायचा. फौजी शिस्तीचे, एकही पत्रा तडकला नाही.

संध्याकाळी मी मोजले. बत्तीस. हेडमास्तर म्हणाले, छप्पर चाळीस पत्र्यांचं होतं.

"उरलेले आठ?"

सुभेदारांनी फाटकाजवळच्या सपाट जागेकडे बोट केलं. "काल फोडून तितं भराव घातला. पाणी साचायचं. परिपाठाला पोरं चिखलात बसायची." मग म्हणाले, "माझी नात पयल्या रांगेत बसती."

मला राग यायला हवा होता. पण आला नाही. आमच्याकडे कुठलीही वस्तू वाया जाऊ देत नाहीत, एवढंच त्यांचं चुकलं होतं.

सुभेदारांनी मास्क नाकावर दाबून बसवला, पंप पाठीवर घेतला आणि भराव भिजवायला लागले. दुसऱ्या कुणाला त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. दोन दिवसांत खालच्या मातीच्या थरासकट सगळं खरवडून जाड प्लास्टिकच्या पोत्यांत भरलं. तोवर शाळा बंद ठेवली.

मी निघाले तेव्हा सुभेदारांनी विचारलं, "मॅडम, आता नातीला तितं बसवू?"

"बसवा."

"आन त्या दिशी घण मी मारला, त्याचं?"

एका दिवसानं फार घाबरू नका, डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवा, असं मी म्हणाले.

एक्स्टिंग्विशर बघायचे राहूनच गेले, ते पुढच्या आठवड्यात बघितले. आता कुठेही ऑडिटला गेले की छताकडे मान वर करण्याआधी विचारते, जुनं उतरवलेलं कुठे टाकलंत?