सात वाजून दहा मिनिटांचा मेसेज

खोटं उघडकीला आलं की माणसाला शरम वाटते, असं लहानपणापासून ऐकत आले आहे. मलाही वाटली, पण ती नंतर. आधी वाटलं ते हायसं. घोटा टम्म सुजलेला, कोपरं सोलवटलेली, केसांत गवताची कुसळं, आणि तरीही त्या सकाळी रिक्षात बाबांच्या शेजारी बसल्यावर मला इतकं बरं वाटत होतं की रिक्षावाल्याने आरशातून दोनदा माझ्याकडे बघितलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. चाळिशीला टेकलेली, एकटी राहते. बाबा आमच्याच सोसायटीत राहतात, बिबवेवाडीत, माझ्या समोरच्या इमारतीत. आई गेल्यावर मी त्यांना माझ्याकडे राहायला या म्हटलं, तर म्हणाले, "तुझ्या घरात मी पाहुणा, माझ्या घरात तू. त्यापेक्षा समोरासमोर बरं." मीही फार आग्रह केला नाही. आम्ही दोघंही एका स्वयंपाकघरात मावणारी माणसं नाही.

सोसायटीला हे अजून पचलेलं नाही. एकुलती एक मुलगी असून बाप वेगळा राहतो, आणि मुलगी भल्या सकाळी अर्ध्या पँटीत धावत सुटते, हे दोन विषय गेटजवळच्या बाकावर चघळून चघळून चोथा झाले आहेत. एकदा एका काकूंनी मला अडवून विचारलं, "रोज कशासाठी धावतेस गं? कुणी मागे लागलंय का?" मी म्हटलं, "ऑफिस." त्यांनी खरोखरच्या सहानुभूतीने मान हलवली. मला जरा वाईटच वाटलं.

पण ते खोटं नव्हतं. दिवसभर माझ्याकडून कुणाला ना कुणाला काहीतरी हवं असतं, आणि ते फोनवर मागितलं जातं. म्हणून धावायला जाताना मी फोन घरी ठेवते. आठवड्यातले पाच दिवस, बिबवेवाडीतून सातारा रस्ता ओलांडून तळजाईची टेकडी आणि परत. धावताना कोडमधल्या गाठी आपोआप सुटतात असं आमच्यातले बरेच जण सांगतात. माझी एकही कधी सुटलेली नाही. चढावर मला फक्त धाप लागते, आणि मला तेवढंच हवं असतं.

बाबांनी या धावण्याला कधी नाक मुरडलं नाही. ते स्वारगेटच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कधी सुटली, कधी पोहोचली, का रखडली, हे लिहिण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मी धावायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी एकच चौकशी केली: कुठून, कुठवर, मध्ये काय काय लागतं. मी सांगितलं ते त्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून घेतलं. वर म्हणाले, "परत आलीस की कळवत जा."

आपल्याकडे घराबाहेर पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला हे सांगितलं जातं. शाळेच्या सहलीपासून परदेशातल्या नोकरीपर्यंत, पोहोचल्यावर कळवायचं. पंधरा दिवस मी इमानेइतबारे कळवलं. मग कंटाळा आला. मग राग यायला लागला, की मी काय दहा वर्षांची आहे का. एक दिवस विसरले, तर साडेआठला बाबा दारात उभे. "आहेस होय," एवढंच म्हणाले आणि चपला फटफटवत परत गेले. ते आरडाओरडा करते तर मी भांडले असते. त्या "आहेस होय"वर काय बोलणार?

आमच्या धंद्यातल्या माणसाला एक खोड असते. तीच गोष्ट तिसऱ्यांदा करायची वेळ आली की त्याचे हात शिवशिवायला लागतात, आणि तो ती यंत्राच्या गळ्यात मारतो. मी घरातल्या जुन्या लॅपटॉपवर छोटासा प्रोग्रॅम लिहिला. सोमवार ते शुक्रवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, माझ्या नावाने बाबांना मेसेज. रोज तेच वाक्य गेलं तर त्यांना शंका येईल म्हणून पाच दिवसांची पाच वाक्यं केली. सोमवारी "पोहोचले." मंगळवारी "आले घरी, चहा घेतेय." बुधवारी "पोहोचले, आज दमले." अशी. लिहायला वीस मिनिटं लागली, आणि खरं सांगते, त्या वीस मिनिटांत मी स्वतःवर फार खूश होते.

आठ महिने तो बिनबोभाट चालला. सुरुवातीला बाबांचं उत्तर यायचं, "बरं." मग मी उत्तरं उघडून बघणंही सोडलं. आता बघायला काय होतं त्यात?

यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट सांगायची तर, त्याच सुमारास मी ऑफिसात एकाला याच चुकीवरून झापलं होतं. आमच्याकडे प्रत्येक सर्व्हर दर मिनिटाला एक इशारा पाठवतो, मी चालू आहे म्हणून. तो थांबला की गजर होतो. या नव्या माणसाने तो इशारा दुसऱ्याच सर्व्हरवरून पाठवायची सोय करून ठेवली होती. मूळचा सर्व्हर दुपारभर बंद पडला होता आणि इशारा आपला येतोय, मी चालू आहे, मी चालू आहे. मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, "जिवंत असल्याचं ज्याचं त्यानंच सांगायला हवं. दुसऱ्यानं सांगून काय उपयोग?" घरी माझा लॅपटॉप तेच करत होता, आणि मला ते सुचलंसुद्धा नाही.

तो बुधवार होता. टेकडीवरून उतरताना मी नेहमीचा रस्ता सोडून झाडीतली आडवाट धरली. एक वळण वाचतं. मुरूम सैल होता. पाय घसरला, घोट्यातून कट् असा आवाज आला, आणि मी वाटेखालच्या चरात जाऊन पडले. उभं राहायला गेले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. फोन घरी. वाटेवर चिटपाखरू नाही.

माणसं नव्हती असं मात्र नाही. पलीकडे, झाडांच्या आड, हास्यक्लब चालू होता. मी "अहो, कुणी आहे का" म्हणून ओरडायचे आणि त्याच वेळी तिकडून वीस-पंचवीस माणसं "हा हा हा" करून हसायची. थोडं थांबून परत ओरडायचे. परत "हो हो हो". मग टाळ्या. त्यांचा कार्यक्रम पक्का होता आणि त्यात माझ्यासाठी जागा नव्हती. तिसऱ्यांदा असं झाल्यावर मलाच हसू आलं, आणि लगेच रडू.

पडल्या पडल्या मला मनगटावरचं घड्याळ दिसत होतं. बरोबर सात वाजून दहा मिनिटांनी माझ्या अंगावर काटा आला. या क्षणी तिकडे बाबांच्या फोनवर "पोहोचले, आज दमले" वाजलं असणार. म्हणजे मला शोधायला येऊ शकणारा पुण्यातला एकमेव माणूस आता निर्धास्त पेपर वाचत बसणार, आणि तशी तजवीज मीच करून ठेवलेली. इतकी एकटी मी आयुष्यात कधी पडले नव्हते. घोट्यापेक्षा मला त्या मेसेजची भीती वाटली.

साडेसात झाले. पावणेआठ. आठ. मी बसल्या बसल्या मागे सरकत वर चढायचा प्रयत्न केला आणि होते त्याहून खाली आले. हास्यक्लब आता शेवटच्या, सगळ्यात मोठ्या हसण्यापर्यंत पोहोचला होता. ते हसणं सुरू झालं, वर चढलं, आणि मधेच तुटलं. त्या शांततेत मला एक आवाज स्वच्छ ऐकू आला.

"अहो, दोन मिनिटं जरा कुणी हसू नका."

मी जिवाच्या आकांताने "बाबा" म्हणून ओरडले.

हास्यक्लबातल्या दोघांनी मला उचलून रस्त्यावर आणलं. एका आजोबांनी स्वतःची काठी दिली आणि ती परत न्यायला ते रिक्षापर्यंत चालत आले. इतका वेळ ज्यांना मी मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, ती माणसं माझे बूट सोडत होती, पाणी पाजत होती. बाबा बाजूला उभे होते, हातात ते कॅलेंडरचं पान. त्यावरच्या खुणा धरत धरत ते आले होते: चहाची टपरी, पाण्याची टाकी, मग आडवाट. आडवाटेचं मी त्यांना सांगितलं होतं, हेही मी विसरले होते.

रिक्षात मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला मेसेज आला असेल ना?"

"आला की. आज बुधवार. बुधवारी तू दमतेस."

मी केसांतली कुसळं काढायला लागले.

"मंगळवारी चहा घेतेस. शुक्रवारी 'मजा आली.' आठ महिन्यांत एकाही बुधवारी तू दमली नाहीस असं झालं नाही, आणि एकदाही सात अकरा झाले नाहीत. स्वारगेटला इतकी वक्तशीर गाडी मी उभ्या नोकरीत पाहिली नाही."

तिथेच मला ते हायसं वाटलं. त्यांना माहीत होतं. म्हणजे मी चरात पडले होते तेव्हाही त्यांना माहीत होतं. मी त्यांचा दंड धरून बसले, आणि त्यांनी तो काढून घेतला नाही.

हाडाला बारीकशी चीर होती. डॉक्टरांनी प्लास्टर घालून सहा आठवडे घरी बसायला सांगितलं. बाबांनी मला माझ्या घरी पलंगावर बसवलं आणि ते स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले. मी फोन घेतला. ऑफिसचे ढीगभर मेसेज बाजूला सारून मी बाबांचे उघडले, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच.

सुरुवातीची 'बरं' संपल्यावर माझ्या प्रत्येक निरोपाखाली त्यांची दोन उत्तरं होती. पहिलं लगेचचं: "बूट नाहीत." दुसरं पंधरा-वीस मिनिटांनी: "आले बूट. बरं." आल्यावर मी बूट गॅलरीच्या कठड्यावर वाळत ठेवते, आणि ती गॅलरी त्यांच्या खिडकीतून दिसते. रोज, पाचही दिवस, हेच. पावसाळ्यातल्या एका दिवशी: "बूट ओले. डोकं पूस." आणि आजच्या तारखेखाली, सात अकराला, "बूट नाहीत." सात पस्तीसला, "अजून नाहीत." सात छत्तीसला, "निघालो."

मी उशीत तोंड खुपसून रडले. बाबा दोन कप घेऊन आले, माझ्या हातातला फोन बघितला आणि कप स्टुलावर ठेवले.

"इतके दिवस बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"बोललो असतो तर दोन दिवस कळवलं असतंस आणि तिसऱ्या दिवशी चिडली असतीस. मला बूट पुरत होते." ते खुर्चीवर बसले, चहाचा घोट घेतला. "आता मात्र ते तुझं यंत्र बंद कर. उद्यापासून सहा आठवडे तू इथे पडून असणार, आणि ते मला रोज सांगणार, पोहोचले म्हणून."

मी लॅपटॉप मागितला. त्यांनी आणून मांडीवर ठेवला, चष्मा लावला, आणि तो प्रोग्रॅम पुसला जाईपर्यंत माझ्या खांद्याशी वाकून उभे राहिले.