रंग नव्हता तो

भावना माझी भावजय. धाकट्या भावाची, राजरत्नची बायको. लोक तिच्याबद्दल म्हणतात, "स्वभावाने अगदी गरीब हो!" हे ऐकलं की माझ्या मस्तकात तिडीक जाते. गरीब कसली? ती बोलत नाही म्हणून तुमचं फावतं, एवढंच.

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात आम्ही दोघी शेजारी-शेजारी बसून धागे कापतो. ढीग मांडीवर घ्यायचा आणि लोंबणारे धागे छोट्या कात्रीने उडवायचे. माल धुलाईला जायच्या आधीचा, त्यामुळे कच्चा निळा रंग हाताला, मांडीला लागतो. संध्याकाळी सगळ्या बायका निळ्या होऊनच घरी जातात. त्यात भावनाला सहा वर्षांपासून संधिवात. म्हातारपणाचा नव्हे. अंगाची राखण करणारी ताकदच उलटून आपल्या सांध्यांवर धावते, तो. सकाळी कात्रीत बोटं शिरत नसत. गरम पाण्यात हात बुडवून यायची आणि तरी माझ्याआधी ढीग संपवायची.

मागच्या डिसेंबरात तिच्या दंडावर हा एवढा निळा डाग दिसला. मग दुसरा, पोटरीवर. आमचा सुपरवायझर आनंदा म्हणाला, "भावनाताई, आंघोळीला सुट्टी काय?" सगळ्या खिदळल्या. मीही हसले. वर शहाणपणा म्हणून रविवारी तिला मोरीत बसवलं आणि कपड्याचा साबण लावून घासणीने दंड खसाखसा घासला.

"ताई, दुखतंय हो."

"नाटकं करू नकोस, हात दे इकडे!"

दुसऱ्या दिवशी डाग दुप्पट. अगं बाई, घासल्यावर रंग वाढतो का कधी? एवढी साधी अक्कल मला आली नाही. आजही ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आठवड्याने तिची उजवी मांडी सुजून टणक झाली. अंबरनाथमध्ये घराजवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरने मांडी दाबून पाहिली आणि म्हणाला, "आत पू झालाय. चिरा देऊन काढू, आजच." राजरत्नने संधिवाताचं सांगितलं, डागांचं सांगितलं. "जीन्सच्या कामाला आहेत ना? मग रंगच तो," म्हणे. म्हणजे डॉक्टरही आमच्याच पंक्तीतला! सकाळी घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला होता. रक्त गोठायला लागणारा वेळ दुपटीहून जास्त, ठळक अक्षरात. मी त्याच्यावर बोट ठेवलं.

"लॅबची चूक असेल. रक्त न गोठण्याचा आजार पुरुषांना असतो, तोही जन्मापासून. बाईला चाळिशीत कुठून होणार? तुम्ही बाहेर बसा."

आणि माझा भाऊ! तो मान डोलावतोय. "ताई, डॉक्टरांना कळतं ना. तू गप बस." ऑपरेशनच्या कागदावर सही करून मोकळा. मला वाटलं, इथेच याला दोन लगावाव्यात.

तेवढ्यात भावना स्ट्रेचरवर उठून बसली. कोपर पुढे केलं. कापूस लालभडक, खाली चादर ओली.

"सकाळी टोचलेल्या सुईचं भोक अजून वाहतंय. सिस्टरने चारदा कापूस बदललाय. सुईचं थांबेना आणि तुम्ही चाकू लावणार?"

डॉक्टर म्हणाला, "अहो मॅडम, मिस्टरांनी सही केलीय."

"मांडी त्यांची आहे का?"

बावीस वर्षांच्या संसारात तिचा एवढा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तिने कागद ओढून घेतला आणि त्या सुजलेल्या बोटांनी फाडला. एका झटक्यात फाटेना, तर दातात धरून फाडला.

त्याच दुपारी तिला मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी डागच पाहिले, मग पुन्हा रक्त तपासलं. म्हणाल्या, सांध्यांवर धावणारी तीच ताकद आता रक्त गोठवणाऱ्या घटकावर उलटली आहे. हा आजार क्वचित होतो, पण बायकांनाही होतो, मोठ्या वयात होतो. ते डाग म्हणजे कातडीखाली साचलेलं रक्त. मांडीतही पू नाही, रक्तच. "चिरा दिला असता तर या बाई टेबलावरून उठल्या नसत्या," असं त्यांनी आमच्या तोंडावर सांगितलं. राजरत्न भिंतीला टेकून खाली बसला. मी त्याला उठवलं नाही.

आधी रक्त थांबवायची इंजेक्शनं, मग त्या उलटलेल्या ताकदीला दाबणाऱ्या गोळ्या. सहा आठवडे भावना वॉर्डात होती. घरी आली तेव्हा नातेवाईक जमले, आणि राजरत्न सगळ्यांना सांगत सुटला, "आमचं नशीब थोर, म्हणून वाचली."

भावना चहा पीत होती. कप खाली ठेवून म्हणाली, "नशीब कसलं? तुम्ही हो म्हणाला होतात. मी नाही म्हणाले, म्हणून मी आहे."