गंज म्हणजे व्हेरी

केसाने गळा कापणं म्हणतात, माझा दोन इंग्रजी शब्दांनी कापला गेला.

शहाद्याच्या एका इंग्रजी शाळेत शिक्षिकेची एक जागा निघाली. आमच्या प्रकाशा गावाहून दोघींनी अर्ज केला, मी आणि माझ्या मैत्रिणीने. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलेल्या, डी.एड.ही बरोबरच केलेलं. मला ती जागा हवीच होती. चार वर्षं घरी बसून झाली होती. पाहुण्यांनी "पोर काय करस?" विचारलं की आई चहा टाकायला उठायची.

मुलाखतीत पाचवीच्या वर्गाला 'तुलना' शिकवून दाखवायची होती. गुड, बेटर, बेस्ट मला येत होतं. अडलं ते पुढे. बेटरवर जोर द्यायचा तर आधी काय लावायचं? आमच्या अहिराणीत एक 'गंज', म्हणजे 'खूप', सगळीकडे पुरतो. गंज चांगलं, त्यान्हापेक्षा गंज चांगलं, कुठेही लावा, कुणी हटकत नाही. इंग्रजी एवढी मोकळी नसावी, अशी मला शंका होती. म्हणून आदल्या दिवशी मैत्रिणीच्या ओट्यावर जाऊन विचारलं.

"आपला गंज कोठेबी चालस ना? तसंच व्हेरी," ती म्हणाली. "व्हेरी बेटर. बिनधास्त ठोकी दे."

मी ठोकलं. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, मुलांकडून तीनदा म्हणून घेतलं. मागे बसलेल्या मुख्याध्यापकांनी विचारलं, "व्हेरी बेटर? नक्की?" शहाणी असते तर तिथेच थांबले असते. पण शंका आली की मी आवाज चढवते, हा माझा जुना रोग. "येस सर, जोर देण्यासाठी!" मी ठणकावून सांगितलं.

मग तिचा नंबर. मी बाहेर बाकावर बसले होते, वर्गाचं दार उघडंच होतं. "मुलांनो, व्हेरी गुड बरोबर. पण बेटरच्या आधी व्हेरी कधीच येत नाही," ती सांगत होती. "मच बेटर म्हणायचं, नाहीतर फार बेटर." म्हणजे मराठीतल्या 'फार'सारखाच इंग्रजी 'फार' तिथे चालत होता, फक्त आमचा गंजच गावंढळ. फळ्यावरचे माझे शब्द तिने पुसले नाहीत. त्यांच्यावर फुली मारली. मुलं हसली.

ती बाहेर आल्यावर फाटकाशी मी तिला अडवलं. "तुले काल माहीत व्हतं?"

"जागा एकच व्हती वं," ती म्हणाली, आणि ओढणी सारखी करत स्टँडकडे चालू लागली.

जागा तिला मिळाली. त्याचं दुःख झालं, ते ओसरलंही. पण 'मलेबी आजच समजनं' एवढं खोटं ती बोलली असती, तर मी जन्मभर ते खरं मानलं असतं. तेवढं खोटं बोलून मला राखावं, असंही तिला वाटलं नाही.