गेरूखाली गेलेलं पाणी

येलदरीचं धरण बांधलं जात होतं तेव्हा मुंजाजी तिथं सुरुंग लावायला शिकला. जिंतूरच्या डोंगराकडच्या आपल्या गावी परतल्यावर कुणाच्या विहिरीत कातळ लागला की त्यालाच बोलावणं यायचं. मग तो फेटा नीट बांधून ऐटीत निघायचा.

बहात्तरचा पाऊस दगा देऊन गेला आणि विहिरी आटल्या. पाणी उरलं ते घळीच्या वरच्या टोकाला, एका कपारीत. तिथं वर काळा कातळ आणि त्याखाली नखानं उकरता येईल असा तांबड्या गेरूचा थर होता. डोंगरात मुरलेलं पाणी कातळाच्या भेगांतून उतरायचं, गेरूवर अडायचं आणि तिथून झिरपत बाहेर पडायचं. पडताना थोडा थोडा गेरू धुऊन न्यायचं. त्यानंच ती कपार कोरली होती. आधार गेलेला कातळ कधीतरी कोसळायचा आणि घळ डोंगरात आणखी आत सरकायची. म्हाताऱ्या सुलाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा घळ जिथं संपायची, तिथून ती आता बरीच वर आली होती.

बौद्ध वस्तीच्या बायकांना कपारीत येऊ देत नसत. वरून वाहून येईल ते त्यांनी खालच्या डबक्यातून भरायचं. एके दुपारी कडूबाई वर आली. राखणीला मुंजाजी होता.

"डबक्यात नुसता चिखल राहिलाय. एक घागर भरू द्या."

"तुझी घागर इथं लावू दिली तर गाव मला काय म्हणंल? जा खाली."

त्यानं पायानं घागर सरकवली. ती कलंडली आणि दगडांवर आपटत खाली गेली. कडूबाई तिच्यामागं उतरली.

पुढं धार बारीक झाली. मुंजाजी व्यंकटराव पाटलांना म्हणाला, "बारका सुरुंग लावतो. तोंड मोकळं झालं की पाणी वाढंल."

"नको रे बाबा," सुलाबाई म्हणाल्या. "ते आपल्या वाटंनं येतंय, येऊ दे."

"येलदरीला आमी डोंगर फोडलेत, काकू."

सुरुंग उडाला. धूर निवळला तेव्हा कपारीचं छत खाली बसलं होतं. माणसांनी दगड हलवले. खालचा गेरू उभा तडकला होता आणि पाणी त्या भेगेत उतरत होतं. दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. थोड्या वेळानं तेही थांबलं. बायका घागरी घेऊन उभ्याच राहिल्या. कुणी मुंजाजीला शिवी दिली नाही. त्यानं फेटा सोडला, तोंड पुसलं आणि कुणाकडं न बघता घर गाठलं.

काही दिवसांनी कळलं, पाणी खाली निघालंय. बौद्ध वस्तीच्या काठाला, खालच्या कातळाच्या सांध्यातून. सगळं गाव तिकडं निघालं. मुंजाजी घरात पडून राहिला.

"मी येत न्हाई," तो म्हणाला.

"माझ्या अंगात ताप हाय," त्याची बायको सरजाबाई म्हणाली. "लेकरं तहानलीत. तुमीच जा."

तो गेला. झऱ्यापाशी कडूबाई भरत होती. तिनं त्याला ओळखलं. त्यानं मान खाली घातली, आणि मग दिसली ती तिची घागर, एका बाजूनं चेपलेली. कडूबाईनं आपली घागर बाजूला घेतली.

"लावा," ती म्हणाली.

पाणी भरेस्तोवर तो उभा होता. घागर एवढी हळू भरते हे त्याला आजवर कधी जाणवलं नव्हतं. घरी सरजाबाईनं तांब्या पुढं केला. त्यानं तो तसाच लेकरांकडं सरकवला.

त्यानंतर त्यानं सुरुंग लावला नाही. पलीकडच्या गावाहून माणसं आली तर हात दुखतो म्हणायचा. नव्या झऱ्याबरोबर गेरूचा गाळ यायचा, त्या गाळानं झऱ्याखालचा पाण्याचा खड्डा भरून जायचा. उन्हं यायच्या आधी, कुणी नसताना, मुंजाजी तिथं जाऊन गाळ उपसायचा आणि माणसं दिसली की वरच्या अंगानं निघून जायचा.

एका पहाटे कडूबाई लवकर आली.

"काय करायलाव?"

त्याचे हात कोपरापर्यंत तांबडे झाले होते. "गाळ... गाळ काढायलोय."

"मग चोरासारखं कशाला? दिवसा या की. आमीबी हात लावू."

"कडूबाई, तुमी..." त्यानं हातातली पाटी खाली ठेवली. "त्या दिवशी मी..."

"मला ठावं हाय," ती म्हणाली, आणि खाली बसून पाटी भरायला लागली.