मधल्या रेघेखालचे ठिपके

तिचा धाकटा दीर तिला वहिनी म्हणायचा, म्हणून अख्खा कारखाना तिला वहिनीच म्हणू लागला. दीर पिना घासायच्या मशीनवर आणि ती तपासणीच्या टेबलावर. एकवीस वर्षं तिचं एकच काम होतं. दर तासाला पाच पिना घ्यायच्या, मायक्रोमीटरच्या जबड्यात धरून, स्क्रू आवळून जाडी मोजायची, सरासरी काढायची आणि भिंतीवरच्या तक्त्यावर ठिपका द्यायचा. तक्त्यावर तीन रेघा. वरची हद्द, खालची हद्द, मध्ये बारा मिलिमीटर. ठिपके मधल्या रेघेच्या वरखाली नाचत राहिले की मशीन ठीक. ओळीने आठ ठिपके एकाच बाजूला पडले, तर ते हद्दीत असले तरी काहीतरी सरकलंय असं समजायचं.

त्या वर्षी ठिपके खाली उतरू लागले.

"भावजी, आठ झाले. पीन बारीक येतेय."

"तुम्ही म्हणताय म्हणजे येतच असणार," म्हणत दीर मशीनची सेटिंग किंचित वाढवायचा. दोन महिन्यांत चारदा असं झालं.

मग गिऱ्हाइकाने माल परत पाठवला. पिना भोकात शिरतच नव्हत्या. जाड होत्या.

साहेबांनी दिराला घरी बसवलं. "वहिनींचा तक्ता चुकत नाही. न मोजलेला माल तूच मध्ये घुसडलास."

घर एकच होतं. दीर दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राही. जाऊ तिच्यापुढे ताट आदळून आत जाई.

नवव्या दिवशी तिने पेटीतली प्रमाण दांडी काढली. नेमकी बारा मिलिमीटरची. दर सोमवारी ती मोजून मायक्रोमीटर तपासायचा असतो. वहिनी कित्येक महिने नुसतीच सही करत होती. आपला हात चुकेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

दांडी सहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे सहा हजारांश, बारीक भरली. पुन्हा मोजली. पुन्हा तेच.

मायक्रोमीटरच्या टोकाला खटका असतो. त्याने फिरवलं की दाब सारखा पडतो. तो नवशिक्यांसाठी, असा तिचा तोरा. ती बोटांच्या अंदाजावर मोजायची. आता तिने खटक्याने फिरवलं. बरोब्बर बारा.

तिने अंगठ्याच्या टोकावर नख रुतवलं. काही कळलं नाही. बधिरपणा मधूनमधून जाणवायचा, थंड लोखंडाने होत असेल म्हणून ती सोडून द्यायची. कळत नव्हतं म्हणून ती जास्त आवळत गेली होती आणि चांगली पीन बारीक दिसत होती.

नवरा मागेच गेलेला. हे काम सुटलं तर दुसरं काही येत नव्हतं. दोन दिवस ती गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊ मुलीला घेऊन माहेरी जायला बॅग भरू लागली, तशी वहिनी उंबऱ्यातच खाली बसली.

"जाऊ नकोस. चूक माझी आहे."

दिराने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला वाटत होतं पीन बरोबर आहे. पण तुम्ही सांगितलंत, म्हणून मी हात लावला."

ती तशीच उठून साहेबांकडे गेली.

साहेबांनी लेखी घेतलं. दीर कामावर परतला. तिला त्याच दिवशी घरी पाठवलं. डॉक्टर म्हणाले, साखर बरीच वर्षं वाढलेली असणार, बोटांची संवेदना परत येईल असं सांगता येत नाही.

आता दुपारी ती पुतणीची वेणी घालायला बसते. केस बोटांतून निसटतात. "काकू, घट्ट घाल ना," पुतणी म्हणते. पण घट्ट किती, हे तिला कळत नाही.